बेडूक न कापता झूलॉजी शिकता येतं का?

ताई, तुमचा प्रश्न असा की मुलगी बारावी सायन्स झालीये, बीएस्सीला झूलॉजी घ्यायचं म्हणते पण "मी कुठलाही प्राणी कापणार नाही" हे आधीच सांगून बसलीये, आणि घरात आजोबा म्हणतायत बेडूक फाडल्याशिवाय कसली आलीये झूलॉजी. तर कॉलेजात डिसेक्शन असतं का, आणि नसेल तर शिक्षण अर्धवट राहतं का. मी मुंबईतल्या कॉलेजात बरीच वर्षं झूलॉजी शिकवलं, डिसेक्शन जोरात होतं तेव्हाही आणि बंद झाल्यावरही, त्यामुळे आधी सरळ उत्तर देते आणि मग बाकीचं पुराण.

तिला बेडूक कापावा लागणार नाही. २०११ साली यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, डिसेक्शन टप्प्याटप्प्याने बंद करायच्या गाइडलाइन्स काढल्या, त्यात डिग्रीच्या मुलांनी स्वतः कापायचं नाही, फार तर सरांनी एखादं करून दाखवायचं असं होतं, आणि २०१४ मध्ये झूलॉजी आणि लाइफ सायन्सेसमध्ये बीएस्सी एमएस्सी दोन्हीकडे डिसेक्शन बंदच करून टाकलं. आजोबांना हे कालपरवाचं फॅड वाटत असेल तर त्यांना सांगा की मूळ कायदा १९६० चा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा जो कायदा, त्याच्या कलम १७ मध्ये तेव्हापासून लिहिलंय की कॉलेजांमध्ये वगैरे पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांनी तेवढंच काम भागत असेल तर तीच वापरावीत, आणि नुसता हात बसावा म्हणून शक्यतो प्राण्यांवर प्रयोग करू नयेत. म्हणजे आजोबा स्वतः कॉलेजात बेडूक फाडत होते तेव्हाही हे कागदावर असणार, फक्त प्रॅक्टिकल हॉलमध्ये कोणी ते वाचून दाखवलं नाही.

आता अर्धवट राहतं का. यावर माझं मत दोन्ही बाजूंना आवडत नाही. डिसेक्शनमध्ये शिकण्यासारखं काहीतरी खरंच होतं, पण आम्ही ते ज्या पद्धतीने घ्यायचो त्यात बहुतेक मुलांना ते मिळतच नव्हतं. आणि आता त्याच्या जागी जे आलंय त्यातही बऱ्याचदा मिळत नाही.

आधी काय होतं ते सांगते. डिसेक्शन बॉक्स घ्यायचा, कात्री, फोरसेप, स्काल्पेल, सुया, ट्रेमध्ये मेण ओतलेलं असायचं आणि त्यावर प्राणी पिनांनी ताणून बसवायचा, पिना तिरक्या मारायच्या म्हणजे मध्ये हात आडत नाही, वरून पाणी घालायचं म्हणजे आतले अवयव तरंगून सुटे होतात आणि रक्त धुऊन टाकता येतं. झुरळ, गांडूळ, कोळंबी, बेडूक, उंदीर, आणि मुंबईची खासियत म्हणजे मुशी. पुस्तकात तिचं नाव स्कोलिओडॉन, पण ससून डॉकला मुशीच, काही घरात मोरी म्हणतात आणि बाळंतिणीला दूध यावं म्हणून तिचं कालवण देतात. आमच्याकडे ती यायची क्रेनियल नर्व्हज, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या नसा, काढायला. डोक्याच्या कवटीची कूर्चा स्काल्पेलने पापुद्र्यापापुद्र्याने खरवडत जायची, पाचवी सातवी नववी दहावी नर्व्ह मोकळी करायची, खाली काळ्या कागदाची पट्टी सरकवायची म्हणजे पांढरा दोरा उठून दिसतो, टाचणीला कागदाची झेंडी लावून नाव लिहायचं. नर्व्ह तुटली की मार्क गेले. परीक्षेत तीन तास मान वर न करता हे करणारी मुलं मी बघितलीयेत आणि खोटं कशाला बोलू, ते काम सुंदर दिसायचं.

त्यातून काय मिळायचं? संयम आणि हात तर होताच, पण माझ्या मते मोठी गोष्ट म्हणजे पुस्तकातला प्राणी आणि ट्रेमधला प्राणी एकसारखा नसतो हे कळायचं. पुस्तकात धमन्या लाल शिरा निळ्या, प्रत्यक्षात सगळं मळकट गुलाबी नाहीतर करडं. मादी बेडूक आली तर पोट उघडल्यावर नुसती अंडीच अंडी, काळीपांढरी, बाकी काही दिसतच नाही, आणि ओव्हिडक्टला, म्हणजे अंडी वाहून नेणाऱ्या नळीला, पाणी लागलं की ती फुगायला लागते, दहा मिनिटांत ट्रे भरून जातो. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या बेडकाला पिवळी बोटांसारखी फॅट बॉडी एवढी मोठी आणि याला जेमतेम, का बरं? ऋतू, खाणं, वय. हा "का बरं" जिथे सुटला तिथे विज्ञान सुरू झालं. ज्या मुलीने हे एकदा पाहिलं ती पुढे कुठल्याही डायग्रामवर आंधळा विश्वास ठेवत नाही.

पण असा प्रश्न विचारणारी किती? हातावर मोजण्याइतकी. बाकी सगळे काय करायचे तर समोर उघडलेला बेडूक आणि मांडीवर पुस्तक, आणि जर्नलमध्ये डायग्राम काढायची ती पुस्तकातली बघून. बेडकात नसलेली गोष्टसुद्धा डायग्राममध्ये असायची, लेबलसकट, आणि आम्ही त्यावर सही करायचो कारण सर्टिफाइड जर्नल झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, विचारलं की तुझ्या ट्रेमध्ये स्प्लीन (प्लीहा) दाखव तर बोट हवेत फिरायचं.

याला जुना इतिहास आहे. युरोपात चौदाव्या शतकापासून दोनेकशे वर्षं शरीररचना शिकवायची पद्धत अशी होती की प्रोफेसर उंच खुर्चीत बसून गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या मतांचं पुस्तक वाचणार, खाली न्हावी प्रेत कापणार, आणि मुलं बघणार. गॅलेनने लिहिलं होतं ते मुख्यतः माकडं, डुकरं असल्या जनावरांवरून, त्यामुळे त्यात माणसात नसलेल्या गोष्टी होत्या. माणसाच्या मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक जाळं असतं असं तो सांगतो, ते मेंढी, बैल यांच्यात असतं, माणसात तसं नसतं. तेराशे वर्षं गॅलेनचा शब्द प्रमाण होता, आणि पुढे समोर प्रेत ठेवून पुस्तक वाचायला लागले तरी फरक बहुतेकांना दिसला नाही! १५४३ ला व्हेसालियस नावाच्या शरीरशास्त्राच्या प्रोफेसरने स्वतः हाताने कापून हे छापलं, आणि त्यानेच कबूल केलंय की आधी तोसुद्धा माणसाचं डोकं दाखवताना ते जाळं दाखवायला शेजारी कोकराचं नाहीतर बैलाचं डोकं ठेवायचा. म्हणजे सुरी हातात असली म्हणून डोळे उघडतात असं काही नाही. आणि उलट आपल्याकडे सुश्रुताने सांगितलेली रीत बघा, प्रेत गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालून संथ वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं, मग वाळ्याच्या वगैरे कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर सुटा करत बघायचं. त्यात कापणं जवळजवळ नाहीच, बघणं आहे.

"पण बेडकावरच तर सगळी फिजिऑलॉजी उभी राहिली" असं आजोबा म्हणतील, फिजिऑलॉजी म्हणजे शरीर कसं चालतं त्याचं शास्त्र, आणि त्यात बरंच तथ्य आहे. गॅल्व्हानीने बेडकाच्या पायावर वीज बघितली, १९२१ ला ओटो लोवीने दोन बेडकांची हृदयं घेतली, एकाची व्हेगस नर्व्ह, म्हणजे हृदयाचा वेग कमी करणारी नस, चेतवली, त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्यावर घातलं तर दुसरंही मंदावलं, म्हणजे नर्व्ह रसायनाने निरोप देते हे सिद्ध झालं, १९३६ चं नोबेल त्याला हेन्री डेलबरोबर मिळालं. पण लोवीला उत्तर माहीत नव्हतं म्हणून त्याने बेडूक घेतला. आमच्या एफवायच्या वर्गाला उत्तर पान नंबरसकट माहीत होतं. संशोधनाचा मोठेपणा दाखवून प्रॅक्टिकलचं समर्थन करायचं ही पळवाट आहे, आणि ती आमच्या स्टाफरूममध्ये फार चालायची.

आणि किंमत कोण देत होतं तेही बघा. हे बेडूक कुठे फार्मवर वाढवलेले नव्हते, पावसाळ्यात शेतातून, डबक्यातून पकडून आणलेले, म्हणजे ऐन विणीच्या दिवसात. भातातले किडे खाणारा प्राणी. तंगड्यांच्या निर्यातीसाठी इतके मारले की १९८७ ला सरकारला ती निर्यात बंद करावी लागली, त्याच्यापुढे कॉलेजांची संख्या लहान असेल, पण देशभरातल्या प्रत्येक सायन्स कॉलेजने दर वर्षी पोरामागे एक धरला तरी तो आकडा लहान कसा म्हणायचा. मुशीचंही आता तेच, धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ती धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. शिवाय फॉर्मॅलिन, म्हणजे मेलेला प्राणी कुजू नये म्हणून वापरायचं फॉर्माल्डिहाइडचं पाणी. त्या वासाने डोळ्यातून पाणी यायचं आणि आम्ही त्याला झूलॉजीचा वास म्हणायचो कौतुकाने, पण फॉर्माल्डिहाइडने माणसाला कॅन्सर होतो हे आता नक्की झालंय. पंखा बंद, खिडक्या बंद, कारण माश्या येतात, आणि आत अख्खी बॅच! लॅब असिस्टंट मामा तर त्यात दिवसभर.

आता तुमच्या मुलीबद्दल. अशा मुलींना आमच्या वेळी घाबरट म्हणायचे. मी पाहिलेल्या त्या घाबरट नव्हत्या. मुंबईत जैन, गुजराती घरातली, आपल्याकडचीही माळकरी घरातली मुलं असायची, काही चांगली डोक्याची मुलं निव्वळ या एका गोष्टीमुळे बॉटनीला नाहीतर मायक्रोबायोलॉजीला गेली. आणि दुसऱ्या टोकाला दोनचार अशी असायची की ज्यांना ते जरा जास्तच आवडायचं, बेडकाचे पाय हलवून मुलींच्या अंगावर टाकायचे, त्यांना कोणी घाबरट म्हणत नव्हतं, पण खरी काळजी त्यांची करायला हवी होती. अमेरिकेत १९८७ ला कॅलिफोर्नियातल्या एका शाळकरी मुलीने बेडूक कापायला नकार दिला, मार्क कापले म्हणून कोर्टात गेली, आणि पुढच्याच वर्षी तिथे मुलांना नाही म्हणायचा हक्क देणारा कायदा झाला. तुमच्या मुलीला तेवढीही लढाई नाही, तिच्यासाठी ती आधीच संपलीये.

मग त्या जागी काय आलं? चार्ट, मॉडेल, कॉम्प्युटरवर सिम्युलेशन. सॉफ्टवेअरला नावं ठेवायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. एकच डिसेक्शन हवं तितक्या वेळा करता येतं, चुकलं तर अनडू, रक्त कुठून कुठे जातं हे हलताना दिसतं जे मेलेल्या बेडकात कधीच दिसत नव्हतं. डिसेक्शन केलेली आणि न केलेली मुलं यांची तुलना करणारे अभ्यास परदेशात बरेच झालेत आणि बहुतेकांत मार्कांत पर्याय वापरणारी मुलं मागे पडत नाहीत. फक्त एक गोम आहे, परीक्षा विचारते अवयवांची नावं आणि कामं, आणि तेवढं चार्टवरूनही येतं. न शिकता राहतं ते म्हणजे वर सांगितलेलं, गोंधळातून वाट काढणं. स्क्रीनवरच्या बेडकाला लिव्हर नेहमी तिथेच असतं, त्याच रंगाचं, आणि क्लिक केलं की नाव येतं. काही ठिकाणी तर तेही नाही, जुन्या जर्नलवरून डायग्राम उतरवा आणि सही घ्या, म्हणजे बेडूक वाचला, पण रोग तसाच राहिला.

यावर माझा उपाय मटणाच्या दुकानात आहे. मुलीची हरकत प्राणी आपल्यासाठी मारण्याला आहे की मांसाला हात लावायलाच, हे आधी तिला विचारा. दुसरं असेल तर हा भाग सोडून द्या, जबरदस्ती नको, त्याने काही अडत नाही. पहिलं असेल तर बकऱ्याचं एक दिल आणा. खाटकाला आदल्या दिवशी सांगायचं की अख्खं ठेव, चीर देऊ नको, आणि वरच्या नळ्या जितक्या लांब ठेवता येतील तितक्या ठेव, कारण ते सवयीने नळ्या मुळाशी उडवतात आणि पोटाला चीर मारून देतात आणि मग आपल्याला हवं तेच गेलेलं असतं. घरी आणून धुवायचं, आत गोठलेलं रक्त असतं ते नळाखाली बोटाने काढायचं. कापायच्या आधी हातात धरून दोन्ही बाजू दाबून बघायच्या, एक बाजू घट्ट लागते आणि दुसरी लिबलिबीत, तर डावी कुठली हे पुस्तक न उघडता ठरवायचं. इथेच निम्मी मुलं अडतात, कारण चित्रात डावी बाजू उजवीकडे असते आणि हातातलं हृदय कसंही फिरतं. मग जाड नळीत, म्हणजे एओर्टात, वरून पाणी ओतायचं. पाणी आत जातच नाही, नळीतच उभं राहतं, आणि वाकून बघितलं तर तीन पडदे शर्टाच्या खिशासारखे फुगून एकमेकांना टेकलेले दिसतात. व्हॉल्व्ह म्हणजे काय हे मी वर्गात खडूने जितकं समजावलं त्यापेक्षा एका तांब्याभर पाण्यात जास्त कळतं. त्या पडद्यांच्या जरा वर बारीक भोकं दिसतील, ती हृदयाला स्वतःला रक्त देणाऱ्या कोरोनरी धमन्यांची तोंडं, अँजिओग्राफी तिथूनच करतात. त्यानंतरच कात्री. डावी भिंत उजवीच्या दुपटीतिपटीने जाड का, पांढरे दोरे कशाला, उजव्या कप्प्यात मध्येच एक मांसाचा पूल आडवा गेलेला दिसेल तो पुस्तकातल्या डायग्राममध्ये आहे का. सगळं कागदावर आधी जसं दिसतंय तसं काढायचं, नावं नंतर. माझ्या अनुभवात हा एक नियम पाळला तर बाकी सगळं आपोआप येतं.

बकऱ्याचा डोळाही मिळतो, त्यातलं भिंग काढून वर्तमानपत्रावर ठेवलं की अक्षरं मोठी दिसतात आणि मागचा पडदा निळाहिरवा चमकतो, माणसात ती चमक नसते. कोंबडीची श्वासनळी आणि बकऱ्याची शेजारी शेजारी ठेवा, कोंबडीची कडी पूर्ण गोल, बकऱ्याची मागून उघडी. फुप्फुसात हवा भरायची तर सायकलच्या पंपाने, तोंडाने कधीच नाही. कोळंबी तर घरात येतेच, तिचे पाय एकेक सुटे करून ओळीत मांडले की कुठले चालायचे कुठले पोहायचे कुठले खायचे हे बघताबघता अख्खं लेक्चर होतं. झुरळ मेलेलं मिळतंच, मुंबईत त्याची कमतरता नाही, गिझर्डमधले, म्हणजे अन्न दळणाऱ्या पोटाच्या भागातले, सहा दात साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतात. हातमोजे, नंतर साबण, सुरी आणि पाट स्वयंपाकाचा नको, आणि उरलेलं लगेच पिशवी बांधून ओल्या कचऱ्यात, फ्रीजमध्ये विसरायचं नाही. कॉलेजात असलं काही करायचं म्हटलं तर तिथल्या कमिटीला विचारून, यूजीसीने २०११ लाच डिसेक्शनवर देखरेख करायला कमिटी नेमायला सांगितलंय.

अॅडमिशनच्या वेळी वेबसाइटवरचे फोटो बघू नका, डिपार्टमेंटमध्ये जाऊन एक प्रश्न विचारा, डिसेक्शनच्या तासाला आता तुम्ही काय करता? चार्ट उतरवतो असं उत्तर आलं तर दुसरं कॉलेज बघा. जिवंत गांडुळाचं, डासाच्या अळीचं निरीक्षण करतो, किनाऱ्यावर नेतो, डिपार्टमेंटचं जुनं म्युझियम आहे त्यातले नमुने काढून देतो असं काही आलं तर तिथे घाला. मुंबईतल्या जुन्या कॉलेजांच्या म्युझियममध्ये बरण्यांमध्ये जे पडलंय ते आज विकत आणता येणार नाही, फक्त कपाटाची चावी मुलांसाठी उघडते का ते बघा.

एक गोष्ट मात्र तिच्याशी आत्ताच बोलून घ्या. मुलगी उद्या मन बदलून व्हेटर्नरी म्हणाली, परळचं कॉलेज १८८६ पासूनचं आहे, नाव मोठं आहे, मुलींना ओढ असतेच, तर तिथे हे चालणार नाही. गायीम्हशींवर ऑपरेशन करणाऱ्या माणसाला आतडी हातात घेऊन बघावीच लागतात, तिथे मेलेलं जनावर असतं आणि ते उघडायचं असतं. एमबीबीएसला प्राणी नाही पण माणसाचं प्रेत असतं, आपल्याकडे त्यासाठी १९४९ चा वेगळा कायदा आहे आणि बेवारस प्रेतं आणि लोकांचं देहदान यांतून ते मिळतं. तिथे मला डिसेक्शन हवंच वाटतं, कारण तिथे हात बसणं हेच शिक्षण आहे, आणि एमबीबीएसला तर कुणाला त्यासाठी मारलेलं नाही. बीएस्सी झूलॉजी करून पुढे फिशरीज, इकॉलॉजी, जेनेटिक्स, कीटकशास्त्र, शिक्षकी असं कुठेही जायचं तर बेडकावाचून काही अडणार नाही. पण व्हेटर्नरी आणि एमबीबीएस या दोन दारांतून आत जायचं असेल तर नाही म्हणायची सोय नाही, आणि हे तिला फॉर्म भरायच्या आधी माहीत असलेलं बरं.